‘मला आत घे गं ताई’ या गाण्याचा खरा अर्थ

ताईच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस आधी तिच्या दाराकडे बघायचा आणि मग तिच्याकडे. दारात बघण्यासारखं काही नव्हतं. साधं लाकडी दार. निळा रंग तीनदा दिलेला आणि चौथ्यांदा द्यायला झालेला. पण खुनाच्या खटल्यात टेबलावर सुरी ठेवली की लोक जसे माना उंचावतात, तशा या दारासमोर माना उंचावल्या जायच्या. एखादा धीट असला तर विचारायचा, "हेच का ते?"

"हेच," ताई म्हणायची. "पाय पुसून या."

कारण असं, की ताईचा धाकटा भाऊ फार मोठा गायक होता आणि त्याचं सगळ्यात मोठं गाणं या दारावर होतं. सुरुवातीला बासरीचे तीन रडवेले स्वर, आणि मग:

मला आत घे गं ताई, बाहेर पाऊस फार,
सात वर्षांचं माझं वय, केवढं तुझं दार.

हे गाणं ठाऊक नाही असा माणूस शोधायचा तर पाळणाघरात जावं लागलं असतं. टॅक्सीत ते लागायचं, न्हाव्याकडे लागायचं, दातांच्या डॉक्टरकडेही लागायचं. तिथे लोक गाण्यानं रडताहेत की दाढेनं, ते कळायचं नाही. गायकाला सगळे ‘धाकटा’ म्हणूनच ओळखायचे. केस पिकले, पोट सुटलं, दोन्ही गुडघे बदलून झाले, तरी पोस्टरवर ‘आपला लाडका धाकटा’ ते ‘आपला लाडका धाकटा’च. आता धाकटा सगळ्यांचा लाडका म्हटल्यावर ताई सगळ्यांची कोण होणार, हे वेगळं सांगायला नको.

खरं काय घडलं होतं ते मात्र सांगायला हवं.

आईवडील लवकर गेले. ताईनं शहराच्या सफाई खात्यात नोकरी धरली आणि भावाला वाढवलं. गळा दोघांनाही होता. ताई भांडी घासताना गायची, भाऊ आरशात बघून गायचा. एके दिवशी रेडिओवाल्यांनी नवा आवाज हवा म्हणून परीक्षा ठेवली. जागा एकच. भावाची पाळी सकाळी, ताईची जेवणानंतर. घराला बाहेरून कडी, कडीला पितळी कुलूप आणि कुलपाला एकच किल्ली. सकाळी ताई मागे मोरीत केस धूत होती. भाऊ तयार झाला, बाहेर पडला, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि शीळ घालत निघून गेला.

ताई केस पुसत आली तर दार बंद. खिडकीला गज. गल्लीतली झाडून सगळी माणसं कामावर. ताई ठेवणीतले कपडे घालून खिडकीशी बसली आणि दिसेल त्याला हाका मारत राहिली. दिसलं फक्त एक कुत्रं. दुपारपर्यंत तिचा घसा असा बसला, की कोणी दार फोडून तिला उचलून नेलं असतं तरी रेडिओवर बेडकाची जागा भरली असती. संध्याकाळी भाऊ आला. त्याची निवड झाली होती. दाराबाहेर उभा राहून तो म्हणाला, "ताई, किल्ली हरवली गं." मग किल्लीवाल्याला बोलावून कुलूप तोडलं.

घटना एवढीच. पुढे काही वर्षांनी एका गीतकारानं धाकट्याला विचारलं, की तुझ्या आयुष्यातलं एखादं दुःख सांग, त्यावर गाणं करू. धाकट्याच्या आयुष्यात दुःखाची टंचाईच होती. लहानपणापासून ताईनं ती बाजू सांभाळली होती. त्यानं जरा आठवून बघितलं आणि दार सांगितलं. बाकीचं गीतकारानं घातलं.

म्हणजे गाण्यात पाऊस आहे. त्या दिवशी असं ऊन होतं, की दोरीवरचे कपडे कडकडीत वाळून दोरीलाच चिकटले होते. गाण्यात तो सात वर्षांचा आहे; तेव्हा त्याला मिशी होती आणि ती तो दर रविवारी कोरायचा. गाण्यात तो उपाशी आहे. रेडिओच्या कँटीननं त्याला दोनदा जेवू घातलं होतं. दुसऱ्या कडव्यात म्हटलंय:

खिडकीत तुझ्या दिवा गं, ताटात तुझ्या घास,
कडीला तुझ्या का नाही माझ्या हाकेचा वास?

दिवा नव्हता, कारण दिवाबत्ती करायची शुद्ध ताईला नव्हती. घास नव्हता, कारण सामान आणायला बाहेर जावं लागतं. हाकेला वास कसा येतो, हे गीतकाराला कोणी विचारलं नाही. घासाला यमक हवं होतं, दुसरं काय. आणि कडी बाहेरून होती.

पण लोकांना अर्थ लावायचा असला की ते लावतातच. एका प्राध्यापकांनी लिहिलं, की हे दार म्हणजे समाजानं कलावंताला लावलेलं दार. रेडिओवर एका बाईंनी तासभर सांगितलं, की ताई म्हणजे नियती आणि कडी म्हणजे मृत्यू. ताईनं हे भाकरी भाजता भाजता ऐकलं. तिच्या माहितीप्रमाणे दार लाकडाचं होतं, कुलूप पितळेचं होतं आणि किल्ली नियतीच्या नव्हे, सोन्याच्या खिशात होती. घरात धाकट्याला सोन्या म्हणायचे.

गाणं गाजू लागलं तेव्हा ती एकदा, अगदी एकदाच, त्याच्याकडे गेली. कुठे तरी चारचौघांत एवढंच सांग, म्हणाली, की किल्ली तुझ्याकडे होती. बाकीचं राहू दे. पाऊस राहू दे, मिशी राहू दे.

धाकटा प्रेमानं हसला. "किल्लीवर कोण रडतं, ताई?" म्हणाला. आणि जाताना तिला भेट म्हणून एक नवा कोरा रेडिओ दिला.

ताईनं रेडिओ घरी आणला, फडताळावर ठेवला आणि त्यावर फडकं टाकलं. रागावर टाकलं नाही. राग तिनं लोणच्यासारखा मुरायला ठेवला.

मुरायला वेळ भरपूर मिळाला. तिच्या खात्यात एक गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. भला माणूस, हाताला कायम ग्रीस, पण मन स्वच्छ. दोघांचं जमलं होतं. त्याच्या आईला भेटायला ताई गेली, तर म्हातारी आतल्या खोलीत तेच गाणं ऐकत डोळे पुसत होती. "असल्या काळजाची बाई माझ्या उंबऱ्यात नको," असं तिनं डोळे न उघडताच सांगितलं. मेकॅनिकनं ग्रीसच्या हातानं तोंड पुसलं आणि बदली मागून घेतली. गल्लीतली पोरं शाळेतून येताना ताईच्या दारावर थापा मारून ‘आत घे गं’ म्हणत पळायची. ती पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली आणि ती पोरंही थापा मारू लागली. रंग तीनदा द्यावा लागला तो त्यामुळेच.

इकडे ताई खात्यात एकेक पायरी चढत कचऱ्याच्या गाड्यांची मुख्य झाली. शहराच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड होती. सकाळी तिथे ओळीनं गाड्या उभ्या असायच्या, ओल्या हातमोज्यांचा वास असायचा, आणि मधोमध खुर्ची टाकून ताई कोणती गाडी कोणत्या भागात ते सांगायची. चालक तिला वचकून असत. तिचं काम चोख होतं आणि बोलणं त्याहून चोख.

त्याच सुमाराला गाड्यांच्या घंटा बदलायच्या ठरल्या. जुन्या घंटा लोकांना ऐकूच यायच्या नाहीत. गाडी येऊन जायची, लोक बादली घेऊन नंतर धावायचे आणि मग कचरा कोपऱ्यावर टाकून, आपण नव्हेच, अशा चेहऱ्यानं परतायचे. खात्याच्या साहेबांनी गाड्यांवर भोंगे बसवायचं ठरवलं. भोंग्यावर काय वाजवायचं, हा प्रश्न होता. साहेबांच्या मनात देशभक्तीपर काहीतरी होतं. पण ते वाजलं की लोक सावधान उभे राहतील आणि बादल्या खालीच राहतील, असं कोणीतरी म्हणालं.

ताई घरी गेली आणि विचारात पडली. तिच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. काकूंच्या दोन खोडी होत्या. पहिली अशी, की सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना त्या इतकं पाणी घालायच्या, की खाली ताईच्या उंबऱ्यावर धार लागायची. यावरून दोघींचं भांडण इतकं जुनं होतं, की त्यात आता मायाच जास्त होती. दुसरी खोड म्हणजे दूधवाल्याच्या सायकलची घंटा. ती वाजली की काकू पातेलं घेऊन उठायच्या. त्या संध्याकाळी काकू ताईकडे टीव्ही बघत बसल्या होत्या. सिनेमात नायिकेचे वडील वारले होते, काकू पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि कुठल्याशा दृश्यात रस्त्यावरून एक सायकल गेली. घंटा वाजली. काकू डोळे पुसत पुसत उठल्या आणि पातेलं आणायला निघाल्या. जिन्यापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"मेली सवय," म्हणाल्या. "आता रडूसुद्धा येईना मला."

ताईनं टीव्ही बंद केला. मग ती हसली. काकूंनी तिला इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं आणि त्यांना ते फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई साहेबांकडे गेली. म्हणाली, भोंग्यावर असं काहीतरी हवं, की पहिल्या तीन स्वरांत आंधळ्या-पांगळ्यालाही कळलं पाहिजे. असं गाणं एकच आहे, आणि ते आपल्या शहराच्या सुपुत्राचं आहे. साहेब आधी बघतच राहिले. मग खुर्चीतून उठून त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले. सगळं विसरून भावाचा असा मान करणारी बहीण त्यांनी पाहिली नव्हती, असं म्हणाले.  ताई म्हणाली, "रक्ताचं नातं, साहेब."

आता कोणालाही वाटेल, की धाकट्यानं याला नकार दिला असता. पण वाटणारा माणूस गायक नाही. आपलं गाणं रोज सकाळी प्रत्येक दाराशी जाणार, यापलीकडे त्याला काही दिसलं नाही. मागे येणारी गाडी तर मुळीच दिसली नाही. त्यानं परवानगी दिलीच. शिवाय अट घातली, की भोंग्यावर दुसऱ्या कुठल्या गायकाचं गाणं वाजता कामा नये. तशा करारावर झोकात सही केली. मूळ बासरी भोंग्यावर नीट उठत नव्हती म्हणून स्टुडिओत जाऊन ती नव्यानं, जरा ठणठणीत करून घेतली. उद्घाटनाला आला, फीत कापली, गाडीच्या बोनेटवर हात ठेवून फोटो काढला आणि भाषणात म्हणाला, की कलावंताला आणखी काय हवं असतं, लोकांनी त्याला रोजच्या जगण्यात जागा द्यावी. ताई मागच्या रांगेत होती. सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या तिनंच वाजवल्या.

आणि मग गाड्या सुटल्या.

पहिले काही दिवस लोक भारावून गेले. गाडीपाशी बादली धरून एक-दोन बायका रडल्या. पण रोज सकाळी, पोळी तव्यावर असताना, साबण डोळ्यांत असताना, एक पाय मोज्यात असताना बासरी वाजायला लागली की माणूस किती दिवस रडणार? महिन्याभरात रडणं आटलं आणि धावणं सुरू झालं. बासरी वाजली, की नवरा बायकोला म्हणायचा, "अगं, आत घे आलं." लहान पोरांना तर हे गाणं आधी माहीतच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते कचऱ्याच्या गाडीचंच. त्यात कोणी ताई आहे, पाऊस आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सांडलेलं खरकटं, काल रात्रीचे माशांचे काटे, सालं, चहाचा चोथा, बाळाचे लंगोट, हे सगळं मिळून त्या तीन स्वरांत बसलं. ताईच्या दारावर थापा पडायच्या बंद झाल्या. कचऱ्याच्या गाडीचं गाणं म्हणून कोण कोणाला चिडवणार?

ताई रोज शेडमध्ये भोंगे तपासायची. एखादा जरा घोगरा वाटला तर गाडी बाहेर सोडायची नाही.

वर्षानं धाकट्याच्या त्या गाण्याचा मोठा महोत्सव झाला. शहरातलं सगळ्यात मोठं नाट्यगृह, मखमली पडदा, पुढच्या रांगेत साहेब आणि त्यांची बायको. ताईला खास आमंत्रण होतं. वर्तमानपत्रात ‘क्षमेची मूर्ती’ म्हणून तिचा फोटोही आला होता. ती कडेच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली.

धाकट्यानं आधी इतर गाणी म्हटली. मग दिवे मंदावले, निळा प्रकाश आला, निवेदकानं हळव्या आवाजात ‘ते दार’ म्हटलं आणि बासरी वाजली.

पुढच्या रांगेत साहेबांची बायको खाली वाकून काहीतरी चाचपू लागली. मधल्या रांगेतला एक भारदस्त गृहस्थ ताडकन उभा राहिला आणि मग आपण का उभे राहिलो ते आठवत तसाच राहिला. त्याला बघून त्याच्या मागची बाई उठली. तिला बघून सबंध रांग अर्धवट उठली. बाल्कनीतून कुणाचा तरी अगदी सहज, घरात विचारावा तसा प्रश्न आला, "ओल्याची बादली कुठाय?"

नाट्यगृह फुटलं. आधी बाल्कनी हसली, मग खालचे हसले, मग वादक. तबलजीनं तोंड फिरवलं. पण त्याची पाठ हलत होती. धाकटा कसलेला माणूस. त्याला वाटलं, पुढे रेटलं की सावरेल. त्यानं डोळे मिटून, हात पसरून सूर लावला, "मला आत घे गं..." आणि एका म्हाताऱ्यानं मनापासून उत्तर दिलं, "अहो, झाकण तर उघडू द्या."

पडदा पाडावा लागला. ताई हसली नाही. तिनं पिशवी उचलली आणि शांतपणे घरी गेली.

नंतरचं सगळं रीतसर झालं. दुसऱ्या शहरांच्या खात्यांनी या गाड्यांची कीर्ती ऐकली आणि त्यांनीही तेच गाणं लावलं. करारात त्याची मनाई नव्हती. उलट धाकट्याच्या व्यवस्थापकानं तसं कलमच मागून घेतलं होतं. कार्यक्रम ठरवणारे आता अदबीनं सांगू लागले, की बाकी काहीही म्हणा, ते गाणं तेवढं नको. आणि ते गाणं काढलं, की बाकी काहीही ऐकायला कोणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्याला तर फारच चांगलं. व्यवस्थापकानं साहेबांना गाणं बदलायची विनंती केली. साहेबांनी त्याला शहराचे स्वच्छ रस्ते दाखवले आणि धाकट्याच्या सहीखाली बोट ठेवलं.

मग एका सकाळी धाकटा स्वतः ताईच्या दाराशी आला. टोपी डोळ्यांवर ओढून, गाडी लांब उभी करून, चालत. ताईनं दार उघडलं.

"बूट काढून ये," म्हणाली. "आत्ताच पुसलंय."

तो बूट काढून आत आला. घर तेच होतं. फडताळावर फडक्याखाली रेडिओ होता. त्यानं चहाला नको म्हटलं, नाश्ता केला नव्हता तरी नको म्हटलं आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, ते बंद कर."

"गाड्या कशा बंद करू? शहर कुजेल."

"गाणं बंद कर. चालव दुसरं काहीतरी. माझं आयुष्य आहे गं ते."

"सही तुझी आहे."

 धाकटा म्हणाला, की तुला काय पाहिजे ते सांग. ताई म्हणाली, एकदा सांगितलं होतं. तेव्हा तुला हसू आलं होतं.

त्यानं खूप वेळ टोपी हातात फिरवली. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घालून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. किल्ली. पितळेची, लहानशी, दात झिजलेले.

ताईनं ती ओळखली. हात मात्र लावला नाही.

"हरवली नव्हती," धाकटा म्हणाला. "रेडिओच्या बाकावर बसलो होतो. माझं गाऊन झालं होतं. रुमाल काढायला खिशात हात घातला तर ही लागली. तेव्हा कळलं, की तू आत आहेस." त्यानं किल्ली बोटानं तिच्याकडे सरकवली. "तुझ्या पाळीला वेळ होता, ताई. धावत आलो असतो तर गाठता आली असती."

"मग?"

"जागा एकच होती. आणि तू माझ्यापेक्षा बरी गायचीस."

ताईला वाटायचं, की हे ऐकलं की आपण त्याच्या दोन थोबाडीत मारू, नाहीतर हंबरडा फोडू. तसलं काही झालं नाही. कानात गेलेलं पाणी कधीतरी अचानक निघतं आणि सगळं लख्ख ऐकू येतं, तसं झालं एवढंच. आणि त्या लख्ख ऐकू येणाऱ्या कानांवर धाकट्याचं पुढचं वाक्य पडलं.

"आता सांगितलं ना? मग आता करशील बंद?"

तो खुर्चीत जरा मागे टेकूनही बसला होता. नडलेल्या माणसानं दुकानात नोट टाकावी आणि सामानाची वाट बघावी, तसा.

ताई काही बोलायच्या आत गल्लीच्या तोंडाशी बासरी वाजली. तीन स्वर. धाकटा दचकून उभा राहिला. दचकला की सवयीनं उठला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"आलीच गाडी," ताई म्हणाली. मोरीतून बादली आणून तिनं त्याच्या हातात दिली. "उठलाच आहेस तर टाकून ये. खाली ओला आहे, वर कागदात सुका. मिसळू नकोस, चालक ओरडतो."

"ताई, लोक बघतील."

"चारचौघांत सांगायला तुला जमलं नाही. हे तरी चारचौघांत कर. ती माझी चप्पल घाल, बूट खराब होतील."

का कोण जाणे, तो गेला. कदाचित त्याला वाटलं असेल, की एवढं केलं की सुटलो. ताईची जांभळी रबरी चप्पल घालून, टाचा मागे बाहेर आलेल्या, बादली अंगापासून लांब धरून आपला लाडका धाकटा गल्लीतून निघाला. भोंग्यावर त्याचाच आवाज होता, बराच तरुण. बादल्या घेऊन आलेले लोक आधी बघत राहिले, मग बाजूला झाले. कोणी हसलं नाही. एका बाईनं कौतुकानं मुलाला सांगितलं, की हेच ते गाणं म्हणणारे. मुलानं त्याच्या बादलीत बघितलं आणि त्याला ते लगेच पटलं. चालकानं ओला-सुका तपासला, मान हलवली आणि गाडी पुढे घेतली.

धाकटा रिकामी बादली घेऊन परत आला तर दार बंद.

त्यानं ढकललं. दार हललं नाही. बाहेरची कडी मोकळी लोंबत होती. म्हणजे या वेळी आतून लावली होती.

"ताई," तो हळूच म्हणाला.

आतून कपात चमचा फिरल्याचा आवाज आला.

"ताई, अगं दार लागलंय."

"लागलं नाही," ताईचा आवाज आला. "लावलंय. इतकी वर्षं म्हणत होतास ना, आता खरं करून दिलं. गाणं खोटं पडू नये."

एवढ्यात वरच्या काकूंनी कुंड्यांना पाणी घातलं. नेहमीप्रमाणे घसघशीत. धार उंबऱ्यावर आली आणि धाकट्याच्या टोपीवरून, कॉलरमधून पाठीत गेली. काकूंनी खाली वाकून बघितलं, कोण आहे ते ओळखलं आणि दुसरा तांब्या आणायला आत गेल्या.

पाऊस झाला. भूक तर होतीच, नाश्ता झाला नव्हता. खिडकीत दिवा दिसत होता. तो ताईनं मुद्दाम लावला होता, एवढ्या सकाळी. ताट वाजलं, म्हणजे घासही होता. राहता राहिलं सात वर्षांचं वय, त्याला मात्र ताईपाशी इलाज नव्हता.

तो निघून गेला असता. पण बूट आत होते, आणि जांभळ्या रबरी चपलेवर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचं म्हणजे गल्लीत बादल्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांच्या मधून जायचं. तो भिंतीला टेकून, बादली पोटाशी धरून उभा राहिला.

आत ताईनं चहा संपवला, कप धुतला. टेबलावरची किल्ली उचलून फडताळावरच्या रेडिओवर ठेवली. मग खिडकीशी, त्या दिवशी बसली होती तिथेच बसली. घसा खाकरला आणि रेडिओच्या परीक्षेसाठी बसवलेलं गाणं म्हणायला सुरुवात केली. आवाज आता जाड झाला होता, वरच्या सुराला जरा चिरकत होता. पण जागा सगळ्या पाठ होत्या. तिनं ते घाई न करता, एकेका ओळीवर थांबत म्हटलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. ऐकणारा एकच होता, पण परीक्षेलाही बहुतेक एकच असणार होता.

गाणं संपल्यावर ती जरा थांबली. दाराबाहेर थेंब टपकत होते. वरून काकूंनी विचारलं, की अजून आहे का तो.

"आहे," ताई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.